मराठवाड्यात पहिले घर घेताना आणि त्यात स्थिरावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंतच्या आठही जिल्ह्यांतून घराविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शुल्काचे आणि व्याजाचे दर बदलत असल्याने व्यवहाराच्या दिवशी ते पुन्हा पडताळून घ्यावेत.

१. पहिल्यांदाच घर घेत आहोत. फ्लॅट घ्यावा, तयार रो-हाऊस घ्यावे की प्लॉट घेऊन बांधावे?

लातूर, नांदेड, परभणीकडे अजूनही प्लॉटकडे ओढा अधिक आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. आधी तळमजला बांधायचा, पुढे सवडीने वरचा मजला चढवायचा, ही सोय फ्लॅटमध्ये नाही. मात्र कागदपत्रांची सर्वाधिक गुंतागुंतही प्लॉटमध्येच असते (प्रश्न ५ ते ९ पाहावेत), आणि बांधकामावर रोज लक्ष ठेवणारे घरचे माणूस लागते. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असतील आणि साइटवर उभे राहणारे कोणी नसेल, तर नोंदणीकृत प्रकल्पातील फ्लॅट घेणे शहाणपणाचे आहे. रो-हाऊसबाबत एक सावधगिरी बाळगावी. पाच-सहा घरांच्या लहान योजना पुष्कळदा महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तेथे प्लॉटइतकीच कागदांची तपासणी आपल्यालाच करावी लागते.

२. तीस लाखांच्या फ्लॅटसाठी हातात किती रक्कम असायला हवी?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे. बँक स्वतःच्या मूल्यांकनावर चालते आणि ते मूल्यांकन सौद्याच्या किमतीपेक्षा कमी आले, तर फरक आपल्यालाच भरावा लागतो.

तीस लाखांच्या फ्लॅटला स्वतःचे किमान ३ लाख लागतील. महापालिका हद्दीत अधिभार धरून मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार होते, आणि नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३० हजार आहे. हे शुल्क सहसा कर्जात धरले जात नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटीही लागतो. किंमत ४५ लाखांच्या आत आणि महानगरांबाहेर चटई क्षेत्र (घराच्या आतील वापराची जागा, म्हणजे कार्पेट) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, अन्यथा ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर किंवा जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीवर तो लागत नाही. वकील, मूल्यांकन, बँकेची प्रक्रिया फी, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याची टाकी आणि पंखे-दिवे हे सारे धरले, तर साडेसहा-सात लाखांची तयारी नसताना इसार देऊ नये.

३. कर्ज पंधरा वर्षांचे घ्यावे की वीस वर्षांचे?

२० लाखांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने घेतले, तर वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये आणि पंधरा वर्षांचा सुमारे १९,६९५ रुपये येतो. महिन्याला अडीच हजारांहूनही कमी फरक आहे, पण एकूण व्याज अनुक्रमे सुमारे २१ लाख ६५ हजार आणि १५ लाख ४५ हजार होते. ज्यांचे उत्पन्न नियमित आहे त्यांनी पंधरा वर्षे धरावीत. ज्यांच्या घरात सोयाबीन-कापसाच्या पैशांवर काही भार आहे, त्यांनी वीस वर्षांची मुदत घेऊन माल विकल्यावर जादा रक्कम मुद्दलात भरावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला लावता येत नाही.

४. प्रधानमंत्री आवास योजनेचे व्याज अनुदान आम्हाला मिळेल का?

शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (आवास योजना २.०) व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावे लागते. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याजाच्या हिशेबाने जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, ही अट अनेकांना अडवते. गावाकडचे पक्के घर वडिलांच्या नावे असेल तर ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले एवढेच धरले जाते, हे लक्षात घ्यावे. ते घर स्वतःच्या नावावर झालेले असेल तर मात्र अडचण येते.

५. विक्रेता म्हणतो, ‘प्लॉट एन.ए. आहे, डोळे झाकून घ्या.’ काय तपासावे?

जमीन अकृषिक असणे आणि त्या जमिनीचे रेखांकन (ले-आउट) मंजूर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकृषिक परवानगीचे नियम अलीकडच्या वर्षांत पुष्कळ सैल झाले आहेत, त्यामुळे केवळ त्या एका शब्दावर किंमत चढवून देऊ नये. सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला ले-आउट मागावा आणि त्यात आपला प्लॉट क्रमांक, रस्त्यांची रुंदी व खुली जागा पाहावी. नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्यावा, कारण विकास आराखड्यात त्याच जागेवर शाळेचे किंवा रस्त्याचे आरक्षण असू शकते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. सिटी सर्व्हे झालेल्या भागात त्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी. शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. विक्रेत्याने रोवलेल्या चुन्याच्या खुणांवर बंगला बांधणारे लोक आजही भेटतात.

क्षेत्राचा हिशेबही लक्षात ठेवावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तर सातबारावरील एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. बोलताना दोन्ही सारखेच मानले जातात, पण कागदात तसे नाही.

६. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ किंवा इतर हक्कांत ‘इनाम’ लिहिले आहे. घ्यायला हरकत आहे का?

मराठवाड्यातील घर खरेदीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि पुणे-मुंबईकडच्या माहितीवर येथे विसंबून चालत नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जमिनींना हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आणि हैदराबाद इनाम व रोख अनुदान निर्मूलन अधिनियम, १९५४ हे वेगळे कायदे लागू आहेत. जुने अभिलेख पुष्कळदा उर्दूत असतात, आणि जाणते वकील १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकापर्यंत मागे जाऊनच शोध अहवाल देतात. आपल्या वकिलाने तीस वर्षांचाच शोध घेतला असेल, तर त्याला खासरा पत्रकही पाहायला सांगावे.

इनामांचे प्रकार निरनिराळे आहेत. उपजीविकेसाठी दिलेल्या मदतमाश इनामाच्या जमिनी ठरलेला नजराणा (शासनाला द्यायची रक्कम) भरून वर्ग-१, म्हणजे परवानगीशिवाय विकता येण्याजोग्या, करता येतात, आणि तसे झालेले असल्यास त्याचा आदेश व फेरफार पाहून व्यवहार करता येतो. मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश व देवस्थान जमिनींबाबत मात्र फार सावध राहावे. ती जमीन संस्थेची असते, कसणाऱ्या किंवा सेवा करणाऱ्या कुटुंबाला ती मालक म्हणून विकता येत नाही. वक्फ मिळकत मंडळाच्या परवानगीशिवाय विकलेली असेल तर तो व्यवहार कायद्याने शून्य ठरतो. राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की येथेच आहे, तेव्हा शंका असेल तर तेथील यादी तपासायला हरकत नाही. गायरान जमिनीवरचे घर कितीही जुने आणि पक्के असले तरी घेऊ नये.

वर्ग-२ म्हणजे इनामच असे नाही. कुळकायद्याने मिळालेली, सीलिंगमध्ये वाटप झालेली किंवा शासनाने दिलेली जमीनही याच वर्गात असते. हस्तांतरणास कोणाची परवानगी लागते आणि ती मिळाली आहे का, हे फेरफाराच्या क्रमांकावरून शोधावे. ‘नंतर करून घेऊ’ हे उत्तर मान्य करू नये. परवानगी विक्रेत्याने, त्याच्या खर्चाने, खरेदीखताआधी आणावी.

७. गुंठेवारीतले घर स्वस्त मिळते आहे. घेतले तर कर्ज आणि पाणी मिळेल का?

शेतकऱ्याने ले-आउट मंजूर न करता एक-दोन गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहती म्हणजे गुंठेवारी. छत्रपती संभाजीनगरचा मोठा भाग असाच वाढलेला आहे, त्यामुळे येथे केवळ नाक मुरडून भागत नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना व बांधकामांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट मिळाली. महापालिकेचे नियमितीकरण प्रमाणपत्र हातात असेल, तर अनेक बँका कर्जाचा विचार करतात आणि पुढे बांधकाम परवानगीही मिळू शकते.

प्रमाणपत्र नसेल तर ते विक्रेत्याला काढायला लावावे किंवा शुल्क किमतीतून वजा करावे. आरक्षित, खुल्या किंवा शासकीय जागेवरील घर नियमित होत नाही, म्हणून प्रश्न ५ मधील झोन दाखला येथेही हवा. त्या तारखेनंतरच्या तुकड्यांना तुकडेबंदी कायद्याचा अडसर येतो. २०२५ मध्ये शासनाने शहरी भागातील जुन्या तुकड्यांना दिलासा दिला आहे, पण आपला गट त्यात बसतो की नाही हे तहसील कार्यालयातूनच विचारून घ्यावे. जाहिरातीतील ‘आता सगळे मोकळे झाले’ हे वाक्य पुरावा म्हणून धरू नये.

८. गावाजवळचा प्लॉट बाँडवर मिळतो आहे, ग्रामपंचायतीचा नमुना आठही आहे. रजिस्ट्री नंतर केली तर चालेल का?

चालणार नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची मालकी केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच बदलते. पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या बाँडवर लिहून नोटरी केलेला कागद पैसे दिल्याचा पुरावा होऊ शकेल, मालकीचा नव्हे. मुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ही मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. ज्याच्याकडून घरपट्टी घ्यायची त्याचे नाव तेथे असते, एवढाच तिचा अर्थ.

गावठाणातील घरांसाठी आता स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावात ते काम झाले असेल तर ती पत्रिका मागावी. उलट बाजूही सांगायला हवी. रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी तपासली गेली, असा समज चुकीचा आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विक्रेता खरा मालक आहे याची हमी देत नाही.

९. विक्रेत्याच्या बहिणींनी सह्या केल्या नाहीत. ‘त्यांचा काही संबंध नाही’ असे तो म्हणतो. खरे आहे का?

वडिलोपार्जित मिळकत असेल तर बहिणींचा संबंध निश्चित आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हिस्सा दिला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. सातबारावर फक्त भावांची नावे असणे हे आपल्याकडे नित्याचेच आहे, त्यावर भरवसा ठेवू नये. बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे किंवा त्यांना खरेदीखतात संमती देणार म्हणून उभे करावे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्यात. त्यामुळे कायद्याचे संपूर्ण संरक्षण मिळत नाही, पण भावकीतला वाद असेल तर तो बहुधा वेळेत बाहेर येतो.

मिळकत अज्ञान मुलाच्या स्वतंत्र नावावर असेल, तर हिंदू कुटुंबात आई-वडिलांनाही ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सज्ञान झाल्यावर तो मुलगा असा व्यवहार रद्द करून मागू शकतो.

१०. फ्लॅट घेताना महारेरा क्रमांक असला की पुरे का?

क्रमांक आवश्यक आहे, पुरेसा नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत, मंजूर नकाशे, मालकी अहवाल आणि चालू दावे पाहता येतात. ते स्वतः वाचावेत, विक्री कार्यालयातील मुलाने मोबाइलवर दाखवलेल्या छायाचित्रावर थांबू नये. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेण्याची विकासकाला मनाई आहे. दर चटई क्षेत्रावर ठरवावा, कारण ‘सुपर बिल्टअप’ हजार फूट सांगितलेला फ्लॅट आत सात-साडेसातशे फुटांचाच भरतो.

ताबा उशिरा मिळाल्यास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागण्याचा किंवा थांबून प्रत्येक महिन्याचे व्याज घेण्याचा पर्याय खरेदीदाराला आहे. निवड खरेदीदाराची असते.

११. सिडकोच्या वसाहतीतील जुने घर घेत आहोत. वेगळे काय पाहावे?

छत्रपती संभाजीनगरच्या एन-१ पासूनच्या वसाहती किंवा नांदेडचे सिडको-हडको येथील घरांची मूळ जमीन सामान्यतः भाडेपट्ट्याची असते. त्यामुळे हस्तांतरणासाठी सिडकोचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि शुल्क लागते. आधीचे दोन-तीन व्यवहार केवळ मुखत्यारपत्रावर झालेले असतील तर मूळ लाभार्थ्यापासूनची साखळी आधी दुरुस्त करून घ्यावी. या घरांवर वाढवलेल्या खोल्याही मंजूर आहेत का ते पाहावे, कारण अंगणाची जागा आत घेऊन केलेली बांधकामे येथे जवळपास घरोघरी आहेत.

१२. घर पत्नीच्या नावे घेतले तर एक टक्का वाचतो ना?

निवासी घराचे खरेदीखत केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर किंवा मोकळ्या प्लॉटवर ती मिळत नाही. पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, ही मूळ अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. कर्जात पती सहकर्जदार असला तरी हरकत नाही.

१३. विक्रेता अर्धी रक्कम रोख मागतो आणि कागदावर किंमत कमी दाखवू म्हणतो. सगळेच तसे करतात, मग बिघडते काय?

पहिली गोष्ट, स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. दुसरी, मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाचे वार्षिक बाजारमूल्य यांतील जी रक्कम अधिक असेल तिच्यावर लागते, त्यामुळे अपेक्षित बचत बहुधा होतच नाही. तिसरी आणि सर्वांत व्यावहारिक, बँक कागदावरील किमतीवर कर्ज देते, म्हणजे रोख रकमेची तजवीज जादा व्याजाच्या हातउसन्यावर करावी लागते. व्यवहार मोडला तर ती रोख परत मागायला हाती पुरावा नसतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही येथेच नोंदवतो.

१४. घर आवडले आहे. पाण्याचे काय पाहावे?

कागदांनंतर येथे दुसरा निर्णायक मुद्दा पाण्याचाच आहे, आणि माझ्या मते घर दाखवायला उन्हाळ्यात बोलावणारा विक्रेता निम्मा विश्वासार्ह मानायला हरकत नाही. दिवाळीत पाहिलेले बोअर काही सांगत नाही. दख्खनच्या बेसाल्टात पाणी भेगांतून मिळते. एका बोअरला लागलेले पाणी शेजारच्या प्लॉटला लागेलच असे नसते, आणि सप्टेंबरात भरभरून चालणारा पंप मेमध्ये हवा ओढतो. म्हणून शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन सरळ विचारावे: नळ कितव्या दिवशी येतो, किती वेळ चालतो, गेल्या एप्रिल-मेमध्ये टँकर घ्यावा लागला का आणि तो कितीला पडला. जायकवाडीचा नाथसागर भरलेला असताना संभाजीनगरच्या काही वसाहतींना आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. धरण भरले असल्याची बातमी आणि आपल्या टाकीत आलेले पाणी यांचा संबंध जलवाहिनीवर ठरतो.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. पाच माणसे, माणशी रोज १०० लिटर आणि नळ आठव्या दिवशी, म्हणजे ४,००० लिटर लागतात. पाहुणे आणि बुडालेली पाळी धरून जमिनीखालचा हौद ६,००० लिटरपेक्षा लहान नसावा. फ्लॅटमध्ये हाच हिशेब सगळ्या इमारतीचा करून सामाईक टाकीशी ताडून पाहावा, आणि टँकरचा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की वेगळा, ते लेखी घ्यावे. स्वतंत्र घराच्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर वाया जाणारे वगळून सुमारे ५० हजार लिटर पाणी वर्षाला मिळू शकते. ते बोअरच्या पुनर्भरणाला सोडण्याचा पाइप बांधकाम चालू असतानाच टाकणे स्वस्त पडते.

१५. आमचा प्लॉट काळ्या मातीत आहे. भिंतींना तडे जातील का?

काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया या थरावरच टेकवला तर दोन-तीन पावसाळ्यांत दरवाजे अडकू लागतात आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघतात. पाया मुरूम किंवा पक्का खडक लागेपर्यंत न्यावा. गोदाकाठच्या परभणी-नांदेडकडे माती फार खोल असेल तर अभियंता पाइलचा सल्ला देईल. जोत्यातील काळी माती काढून त्या जागी मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करावा, आणि घराभोवती फरशीचा पट्टा करून सांडपाणी पायाशी मुरू देऊ नये. या खर्चात काटकसर करून वर संगमरवर बसवणारी घरे पाहिली की वाईट वाटते.

१६. किल्लारीसारखा भूकंप पुन्हा झाला तर? जुना माळवदाचा वाडा घेणे धोक्याचे आहे का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात जे हजारो लोक गेले, ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद कोसळल्यामुळे गेले. २०२४ मध्येही हिंगोली-नांदेड-परभणी पट्ट्यात जाणवण्याजोगे धक्के बसले आहेत. नवीन घरात जोते, लिंटल आणि छत या पातळ्यांवर सलग आरसीसी पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया आणि संरचना अभियंत्याची सही असलेला नकाशा, एवढे आग्रहाने मागावे. तळमजल्यावर केवळ खांब ठेवून केलेल्या पार्किंगच्या इमारतीत त्या खांबांचा आराखडा विशेष पाहावा.

जुना वाडा घ्यायचा असेल तर माळवदावरील मातीचा भार कमी करणे, दगडी भिंतींचे दोन थर आडव्या दगडांनी बांधून घेणे ही कामे खरेदीच्या किमतीत धरावीत. ती न करता लगेच राहायला जाऊ नये.

१७. ताबा घेताना आणि गृहप्रवेशाआधी काय पाहावे? मुहूर्त जवळ आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र आलेले नाही.

वास्तुशांती करून दूध उतू घालणे आणि संसार हलवणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. चातुर्मास किंवा पौष लागण्याआधी पूजा उरकायची असेल तर विकासकाच्या लेखी परवानगीने तेवढी करावी, पण भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याशिवाय) ताबापावतीवर सही करून राहायला जाऊ नये. ताबा गेला की विकासकाची घाई संपते. शिवाय अशा इमारतीला कायमचे नळ कनेक्शन अडकू शकते.

पाहणी भर पावसाळ्यात करता आली तर उत्तम. न आल्यास न्हाणीघरात आणि गच्चीवर पाणी तुंबवून खालच्या छतावर ओल उतरते का ते पाहावे. सर्व नळ एकाच वेळी सोडावेत, विजेचा प्रत्येक पॉइंट तपासावा आणि उणिवांची यादी लेखी द्यावी. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पहिल्या वर्षी गळतीकडे दुर्लक्ष करून सहाव्या वर्षी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात.

१८. खरेदीखत झाले. आता कोणकोणत्या ठिकाणी नाव लावायचे?

सूची क्रमांक दोनची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्याची, म्हणजे इंडेक्स-२ ची) प्रत घेऊन सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्यावा. तलाठी नोटीस काढून हरकतींसाठी १५ दिवस देतो, त्यामुळे नोंद लगेच दिसली नाही म्हणून घाबरू नये, पण प्रमाणित झाली का हे नंतर पाहावे. महापालिका किंवा नगर परिषदेत घरपट्टी-पाणीपट्टीवर नाव लावण्याची सूचना तीन महिन्यांत द्यावी. महावितरणच्या वीजजोडणीवर नाव बदलण्याआधी जुनी थकबाकी विक्रेत्याकडून भरून घ्यावी. मतदार यादीतील स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा. हा ग्रामपंचायतीच्या नमुना आठपेक्षा वेगळा आहे, आणि दोन्हींची गल्लत रोज होते.

१९. आई-अण्णा गावाहून फ्लॅटमध्ये राहायला आले, पण त्यांचे मन रमत नाही. काही करता येईल का?

हा प्रश्न कायद्याचा नाही, तरी सर्वांत जास्त वेळा येतो. ज्यांचे आयुष्य ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात गेले, त्यांना बंद दारांचा जिना कोंडवाड्यासारखा वाटतो. शक्य असेल तर फ्लॅट तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर घ्यावा आणि इमारतीच्या दारात दोन बाकडी टाकण्याचा ठराव करून घ्यावा. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण घालू द्यावे, त्यावर बंदी घालणाऱ्या सोसायट्यांनी आपल्या नियमाचा फेरविचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे. चार घरच्या बायका वाळवणाला एकत्र आल्या की ओळखी आपोआप होतात. गावचे घर लगेच विकू नये किंवा त्याला कुलूप लावून विसरू नये. पेरणीला आणि यात्रेला अण्णांना चार दिवस तेथे जाता आले पाहिजे, मग ते परत आल्यावर फ्लॅटमध्ये अधिक रमतात.

२०. इसार दिल्यानंतर विक्रेता वारला. पैसे बुडाले का?

बुडालेले नाहीत. इसाराचा करार वारसांवर बंधनकारक राहतो. आधी वारस फेरफार होऊ द्यावा, मग मुली व विधवा पत्नीसह सर्व वारसांकडून खरेदीखत करून घ्यावे (प्रश्न ९). ते नाकारत असतील तर करारपूर्तीचा दावा करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दाखल करावा लागतो. इसारपावती नोंदणीकृत आणि रक्कम बँकेतून दिलेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

२१. विक्रेत्याच्या घरावर आधीच कर्ज आहे. असे घर घेता येते का? आणि आपले कर्ज फिटल्यावर काय करायचे?

घेता येते. विक्रेत्याच्या बँकेकडून शिल्लक कर्जाचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्यावी. आपली बँक तेवढी रक्कम थेट त्या बँकेला देते आणि उरलेली विक्रेत्याला. विक्रेत्याच्या हातात पैसे देऊन ‘तुम्ही कर्ज भरून टाका’ असे कधीही म्हणू नये.

आपले कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे असतात, बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद मिळाले की काम संपले असे समजून बहुतेक जण थांबतात. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा तसाच असतो. बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात अर्ज करावा आणि बोजा उतरल्याचा नवा उतारा काढून खरेदीखतासोबत ठेवावा.